बिल नेहमी तोच द्यायचा : एका डाय फिटरची केस

दारू सोडवायला आणलेल्या माणसाबद्दल घरचे दोन गोष्टी अगदी ठासून सांगतात. एक, 'ह्याला स्वतःची काही किंमतच राहिली नाही बघा', आणि दुसरी, 'ह्याचा इगो केवढा आहे तुम्हाला कल्पना नाही'. बऱ्याचदा एकाच घरातली माणसं एकाच तासात ह्या दोन्ही गोष्टी सांगून मोकळी होतात आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. व्यसनमुक्तीत समुपदेशनाचं काम करताना मलाही दोन्ही खऱ्याच वाटत आल्यात, पण त्या एकमेकीला कशा चिकटलेल्या असतात हे कळायला एखादा माणूस नीट उलगडून बघावा लागतो. म्हणून ही एक केस सविस्तर लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, ही कुणा एकाची जशीच्या तशी हकीकत नाही. सारख्या वळणाच्या दोन-तीन केसेस मिसळल्यात आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. नाव देत नाही, त्याला फिटरच म्हणू, समोरासमोर मी त्याला दादा म्हणायचो.

तर फिटर, वय ४३, भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये डाय फिटर, म्हणजे पत्रा कापायचे साचे हाताने जुळवणारा, आयटीआय झालेला, मूळचा माण तालुक्यातला. बायको घरून डबे देते, मुलगा बारावीला, मुलगी सातवीत. दारू विशीत सुरू झाली, ओव्हरटाइमचे पैसे हातात पडले की परमिट रूम, तेही महिन्यातून एकदा. मग शनिवार, मग रोज रात्री एक क्वार्टर, आणि शेवटची काही वर्षं सकाळचीसुद्धा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. लोक 'एकच क्वार्टर' म्हणतात तेव्हा त्या 'एकच'मध्ये एवढं असतं.

सकाळच्या दारूचं कारण त्याच्या धंद्यात होतं. प्रेस टूलमध्ये, म्हणजे ह्या साच्यात, पंच (वरचा भाग) आणि डाय (खालचा भाग) ह्यांच्यातला गॅप पत्र्याच्या जाडीवर ठरतो, एक एमएमचा साधा पत्रा असेल तर एका बाजूला पाच ते दहा शतांश एमएम. तो गॅप चारी बाजूंनी सारखा बसवायचा, ब्लू म्हणजे निळा रंग लावून कुठे घासतंय ते बघायचं, कानस मारायची, परत बघायचं. ह्या कामात त्याचा हात धरणारा टूलरूममध्ये कुणी नव्हता, हे त्याचा सुपरवायझरच मला फोनवर म्हणाला. आणि नेमका तोच हात सकाळी थरथरायला लागला. रात्रभरात दारू उतरली की शरीर जे मागतं तेच हे थरथरणं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून नाइंटी (९० मिली) मारली की पंधरा-वीस मिनिटांत हात एकदम स्थिर. म्हणजे तो मजेसाठी पीत नव्हता, ज्या एका गोष्टीत त्याला मान होता ती गोष्ट हातात राहावी म्हणून पीत होता, आणि पिण्यामुळेच ती जात होती. त्यात व्हीएमसी आणि वायरकट ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आल्यावर हाताने फिनिश करायचं काम तसंही कमी झालेलं, नवीन पोरं कॉम्प्युटरवर डिझाइन काढतात आणि त्याला विचारायला येत नाहीत. हे शेवटचं वाक्य त्याने पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं की मी वहीत त्याच्यासमोर नुसत्या रेघा मारायला लागलो.

बरं, आपण दारुडे नाही ह्याचा पुरावा त्याच्याकडे दरवर्षी असायचाच, तो म्हणजे श्रावण. 'महिनाभर थेंब घेत नाही, मला काय गरज आहे?' हे वाक्य महाराष्ट्रात किती घरांत ऐकलं असेल ते मोजायची सोय नाही. ज्या वर्षी तो आमच्याकडे आला त्या वर्षी गटारीला मित्रांबरोबर भरपूर झाली आणि श्रावण लागल्या दिवशी त्याने कडक बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातच फिट आली, दात लागले, जीभ चावली गेली. रोज आणि बरीच पिणाऱ्याने एकदम बंद केली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, भास, प्रचंड घाम, धडधड असा प्रकार होऊ शकतो, त्यात माणूस दगावूही शकतो. त्यामुळे 'निश्चय असला की सुटते' असं सांगणाऱ्यांनी जरा जपून सांगावं, निश्चय डॉक्टरच्या देखरेखीखाली केलेला बरा. फिटरला हॉस्पिटलात रात्री भिंतीवर मुंग्या दिसल्या, क्लोरडायझेपॉक्साइड (दारू तुटल्याचा त्रास आवरणारं औषध) आणि थायमिन (बी-१ व्हिटॅमिन) चालू झालं, चार-पाच दिवसांत माणूस ताळ्यावर आला आणि मग आमच्या केंद्रात भरती झाला.

ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली, ४० पैकी गुण, २० किंवा जास्त आले की अवलंबित्व असण्याची दाट शक्यता धरून पुढचं बघतात. फिटरचे २७. ह्यात काही आश्चर्य नव्हतं.

आश्चर्य स्वाभिमानाच्या चाचणीत होतं. रोझेनबर्गची दहा वाक्यांची मोजपट्टी, १९६५ पासून जगभर वापरतात, शून्य ते ३० गुण, १५ च्या खाली म्हणजे स्वतःबद्दलचं मत बरंच खालावलेलं. ही चाचणी डिटॉक्सच्या, म्हणजे शरीरातली दारू उतरवण्याच्या, आठवड्यात द्यायची नसते असं माझं मत आहे, कारण दारू तुटल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जवळजवळ सगळेच उदास असतात आणि त्यातली बरीचशी उदासी आपोआप उतरते, तेव्हा घेतलेला आकडा माणसाचा नसतो, उतरत्या दारूचा असतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यानंतर घेतली. गुण आले ११. पण वाक्यावाक्याला त्याने हुज्जत घातली ती जास्त कामाची होती. इतरांइतकंच आपल्यालाही काम जमतं अशा अर्थाचं वाक्य आलं तर म्हणाला, 'इतरांइतकं? इतरांपेक्षा जास्त जमतं, तसा खाना कुठाय?' आणि त्याच्या पुढच्याच एका वाक्याला, आपण अगदीच बिनकामाचे आहोत असं कधीकधी वाटतं का, तर पेन खाली ठेवून, 'कधीकधी नाही साहेब, घरात शिरल्यापासून.' म्हणजे ११ हा आकडा खरा असला तरी तो सगळीकडे सारखा पसरलेला ११ नव्हता. मशीनसमोर हा माणूस २८ चा होता आणि माणसांसमोर चारचा.

माणसांसमोर तो कसा वागायचा ते सांगतो. न पिता असला की कुणालाही नाही म्हणायचं नाही. चुलतभावाने वीस हजार मागितले, दिले. शेजाऱ्याचा मिक्सर, मेहुण्याच्या गाडीची सर्व्हिसिंग, टूलरूममधल्या कुणाची नाइट शिफ्ट, सगळं हो. मित्रांच्या बैठकीत बिल त्याचंच, कुणी पाकीट काढलं तर हात धरून खाली ठेवायचा. गावच्या जत्रेला वर्गणी सगळ्यांपेक्षा पाचशे रुपये जास्त. हे पैसे यायचे कुठून, तर पतसंस्थेचं कर्ज, बायकोची भिशी, आणि एकदा तिची बोरमाळ. आणि प्यायला की हाच माणूस रात्री अकरा वाजता फोन लावायचा, त्याच चुलतभावाला, मेहुण्याला, सुपरवायझरला, आणि हिशेब काढायचा. 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' इथून सुरुवात, शिव्यांवर शेवट. सकाळी काही आठवायचं नाही किंवा थोडं आठवायचं, मग शरमेने परत त्यांची कामं करायची, आधीपेक्षा जास्त. आणि तिसरी तऱ्हा, शरम फारच झाली की गायब, फोन बंद, दोन-दोन दिवस घरात पांघरूण घेऊन झोपून.

कॅरेन हॉर्नी नावाच्या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मनोविश्लेषक बाई होत्या, त्यांनी १९४० च्या दशकात माणसांच्या वागण्याच्या तीन दिशा सांगितल्या, लोकांकडे सरकणं, लोकांवर चालून जाणं आणि लोकांपासून लांब जाणं. निरोगी माणूस प्रसंग बघून तिन्ही वापरतो. अडलेला माणूस एकाच दिशेला जखडलेला असतो. फिटरच्या बाबतीत मला दिसलं ते असं की त्याच्याकडे तिन्ही होत्या पण त्यांच्यातलं दार दारूने उघडायचं. साधा असताना फक्त पहिली, पिऊन फक्त दुसरी, उतरल्यावर फक्त तिसरी. साध्या डोक्याने, साध्या आवाजात 'भाऊ, माझे पैसे कधी देतोस?' एवढं वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. ते वाक्य बोलायला त्याला क्वार्टर लागायची आणि क्वार्टर झाल्यावर ते वाक्य शिवी होऊन बाहेर पडायचं.

असं का होतं त्याबद्दल संशोधकांनी बरंच लिहिलंय. मानसशास्त्रज्ञ जे हल ह्यांनी १९८१ मध्ये मांडलं की दारूने माणसाचं स्वतःकडे बघणं मंदावतं, आत जो सतत मार्क देत बसलेला असतो तो गप्प होतो, आणि ज्यांना तो मार्क देणारा फार छळतो त्यांना हीच गोष्ट हवी असते. फिटरने हे त्याच्या भाषेत पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, 'दोन झाले की डोक्यातला इन्स्पेक्शनवाला घरी जातो.' (टूलरूमच्या माणसाकडून ह्यापेक्षा अचूक काय ऐकायचं.) नंतर १९९० मध्ये स्टील आणि जोसेफ्स ह्या मानसशास्त्रज्ञांनी दारूतल्या आखूड नजरेची कल्पना मांडली, प्यायलेल्या माणसाला समोरचं, लगेचचं तेवढंच दिसतं, मागचं-पुढचं दिसत नाही. म्हणून वीस हजार आठवतात आणि उद्या त्याच माणसाला तोंड दाखवायचंय हे आठवत नाही.

हे वळण आलं कुठून? वडील माळकरी, दारूला न शिवणारे, दोन मुलं. थोरला डीएड होऊन मास्तर झाला, धाकट्याला आयटीआयला घातलं. घरात पाहुणा आला की वडील ओळख करून द्यायचे, 'हा आमचा मास्तर, आणि हा कंपनीत असतो.' बस, एवढंच. मारहाण नाही, उपासमार नाही, कुठलीही भडक गोष्ट नाही, आणि मला वाटतं म्हणूनच फिटरला स्वतःलाही ते कधी सांगण्यासारखं वाटलं नाही. घरात कौतुक मिळायचं ते काही आणून दिल्यावर, पहिल्या पगारातून वडिलांना धोतरजोडी नेली तेव्हा त्यांनी चारचौघांत पाठ थोपटली आणि तो ते अजून सांगतो. माणसाला किंमत असते ती देण्याने, हा धडा तिथे पक्का झाला. पुढे जमिनीची वाटणी झाली तेव्हा थोरल्याला विहिरीकडची पट्टी गेली आणि ह्याने न बोलता सही केली, आणि मग जवळजवळ दर दारूत ती विहीर बाहेर यायची.

घरातली बाजू आता सांगायला हवी, ती नाही सांगितली तर ही केस फारच त्याच्या बाजूने झुकेल. त्याच्या बायकोवर, मी त्यांना वहिनी म्हणतो, त्याने दोनदा हात टाकलाय. डबे घ्यायला येणाऱ्या पोरांवरून संशय घ्यायचा, फोन तपासायचा, एका गिऱ्हाइकाला दारातून हाकललं. दारूच्या अवलंबित्वात बायकोवरचा संशय फार दिसतो आणि कधीकधी तो भ्रमाच्या पातळीला जातो, त्याला मानसोपचारतज्ज्ञांची वेगळी ट्रीटमेंट लागते, फिटरचा तिथपर्यंत गेला नव्हता. स्वतःला कमी समजणाऱ्या माणसाला बायको आपल्याजवळ टिकेल ह्यावर विश्वास बसत नाही, हे समजून घेता येतं. पण समजून घेणं म्हणजे सूट देणं नाही, आणि 'बिचाऱ्याचा आत्मविश्वास कमी आहे' हे कारण मारहाणीला लावलेलं मला चालत नाही. वहिनींशी पहिलं बोलणं ह्यावरच झालं, परत हात उचलला तर रात्री कुठे जायचं, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पोरीलाही माहिती हवा, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात काय काय मागता येतं. आधी हे, मग त्याचा स्वाभिमान.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' छापाची जाहिरात बघून त्यांनी गोळ्या आणल्या आणि भाजीत घातल्या. संध्याकाळी प्यायल्यावर त्याचा चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडलं, ऑटोत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. डायसल्फिराम ह्या दारू सोडवायच्या औषधावर दारू घेतली की असंच होतं, त्या गोळ्या तीच असाव्यात असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे औषध वाईट नाही, पण तपासण्या करून, पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं, नाहीतर जिवावर बेततं. त्यांचा दोष मी काढणार नाही, जिला कुणी मदत केली नाही ती जाहिरातच बघणार. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या पाहणीत आलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठली ना कुठली मदत मिळाली आहे. पण त्या भाजीचा परिणाम असा झाला की फिटर घरचं जेवेना. टूलरूमच्या कँटीनमध्ये खायचा, घरी फक्त झोपायला, आणि बायको दुसऱ्यांसाठी डबे करते पण माझ्या ताटात विष घालते हे सगळ्यांना सांगत सुटला. दीड वर्ष हे दोघं एका ताटाला बसले नव्हते.

केंद्रात आल्यावर तो पंधरा दिवसांत सगळ्यांचा लाडका झाला. इतरांची ताटं घासायचा, फरशी पुसायची ड्यूटी दुसऱ्याची असली तरी हाच पुसायचा, बिघडलेला पंखा दुरुस्त केला, गेटची कडी बसवून दिली. स्टाफमधल्या बऱ्याच जणांचं मत, असा पेशंट लाखात एक, ह्याला पुढच्या बॅचचा मॉनिटर करा. मला ते बघून धाकधूक वाटत होती. कारण बाहेर बिल देणारा हाच माणूस होता, इथे दारूचं बिल नव्हतं म्हणून ताटं घासत होता. त्याच सुमारास पावसाळी गारठा पडला होता आणि त्याच्या कॉटवर एकच पातळ चादर होती. स्टोअरमध्ये ब्लँकेटं थप्पीने पडलेली, मागायचं फक्त. तो आठवडाभर कुडकुडला पण मागितलं नाही. का? 'त्यांना कशाला त्रास.'

म्हणून त्याचा उपचाराचा प्लॅन आम्ही जरा उलटा केला. त्याचं कौतुक करून स्वाभिमान वाढवायचा हा मार्ग बंद. आरशात बघून 'मी चांगला आहे' म्हणा वगैरे प्रकार मला तसेही पचत नाहीत, आणि ह्या माणसाला तर कौतुक हीच दुसरी दारू होती, मिळालं की चढायचं, उतरलं की थरथर. त्याऐवजी रोज एक गोष्ट स्वतःसाठी मागायची, आणि दुसऱ्याची ड्यूटी करायची नाही. पहिलं मागणं ब्लँकेट. ते मागायला गेला आणि स्टोअरवाला कामात दिसला म्हणून परत आला. दुसऱ्या दिवशी आणलं, आणि आणल्यावर स्टोअरवाल्याच्या टेबलाचा हलणारा पाय नीट करून दिला. ह्यावर आम्ही दोघंही हसलो, पण टेबलाचा पाय वहीत लिहून ठेवायला त्याला लावलं.

मग नाही म्हणायची प्रॅक्टिस. ग्रुपमध्ये एक जण चुलतभाऊ व्हायचा.

'भावड्या, पोराची फी भरायचीय, दहा दे ना, पुढच्या महिन्यात देतो.'

फिटरचं पहिलं उत्तर, 'अरे आत्ता काय झालंय, पगारच झाला नाही, कंपनीत जरा प्रॉब्लेम चालू आहे, आणि मुलगीपण आजारी...'

मुलगी ठणठणीत होती. नाही म्हणायला त्याला चार खोटी कारणं लागायची, आणि खोटं बोललो म्हणून नंतर जास्त द्यावंसं वाटायचं. त्याला काम दिलं, एका वाक्यात, खोटं न घालता, माफी न मागता. बऱ्याच प्रयत्नांनी आलं ते वाक्य असं, 'नाही जमणार रे, माझंच कर्ज फेडायचंय.' म्हणाला आणि घाम फुटला. ग्रुपमधला जो चुलतभाऊ झाला होता तो म्हणाला, मला काही वाईट नाही वाटलं दादा. फिटरला हे खरंच वाटेना, त्याने दोन-तीनदा विचारून खात्री केली.

वहिनींबरोबरच्या बैठकीत तो आला तसा खाली वाकून त्यांचे पाय धरायला गेला. मी थांबवायच्या आधी वहिनीच मागे सरकल्या. 'पाया पडू नका हो, बोरमाळ कुठल्या सोनाराकडे आहे ते सांगा.' तो रडायला लागला, त्या नाही रडल्या. पाया पडणं हासुद्धा त्या जुन्याच व्यवहाराचा भाग असतो, एवढं वाकलो म्हणजे फिटलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेच्या बारा पायऱ्यांत आठवी आणि नववी ही दुखावलेल्यांची यादी करायची आणि जमेल तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची अशी आहे, आणि १९३५ पासून चालत आलेल्या त्या शहाणपणात रडण्याला वेगळे मार्क नाहीत हे मला आवडतं. त्या दिवशी कागदावर सगळी देणी लिहिली गेली. एटीएम कार्ड वहिनींकडे. आणि भाजीतल्या गोळीबद्दल त्या एकदाच म्हणाल्या, 'ते चुकलं माझं, परत नाही करणार.' फिटर बराच वेळ खाली बघून बसला होता.

डिस्चार्जच्या वेळी परत रोझेनबर्ग घेतली, १९. फाइलमध्ये हा आकडा छान दिसतो. मी त्यावर फार विश्वास ठेवला नाही, केंद्रातून निघताना सगळेच जरा हवेत असतात. हात मात्र खरंच स्थिर झाला होता, टूलरूममध्ये परत घेतलं, आठवड्यातून दोन अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा, महिन्याला फॉलोअप. सात-आठ महिने नीट गेले.

मग चैत्रात गावची जत्रा आली. वडिलांनी आणि थोरल्याने मनापासून ठरवलं होतं, स्टेजवर बोलावून सत्कार. शाल, श्रीफळ, लाउडस्पीकरवरून 'आपल्या गावचे सुपुत्र, निर्धाराने व्यसनाला लाथ मारणारे'. वडिलांनी पहिल्यांदा पूर्ण नाव घेऊन माइकवर ओळख करून दिली. ह्या क्षणाची वाट त्याने चाळीस वर्षं बघितली होती म्हटलं तरी चालेल. त्याला दोन शब्द बोला म्हणाले आणि त्याने माइकवर कुस्तीच्या शेवटच्या जोडीचं इनाम स्वतःतर्फे अकरा हजार जाहीर केलं. कार्ड बायकोकडे, खिशात चारशे रुपये. टाळ्या पडल्या, खाली उतरला आणि पैसे कुणाकडून उसने घ्यायचे म्हणून जुन्या मित्रांकडे गेला. ते बसलेच होते. पुढचे तीन दिवस तो गावातच पीत होता, आणि दुसऱ्या रात्री थोरल्याच्या दारात उभा राहून विहिरीचा हिशेब.

आमच्याकडे बरेच जण म्हणाले, बघा, एवढा मान दिला तरी पडला. मला वाटतं तो मान दिल्यामुळेच पडला. अपमानानंतर माणूस पितो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यासाठी घरचे सावध असतात. सत्कारासाठी कोण सावध असणार? ज्याची किंमत दुसऱ्यांच्या डोळ्यांत ठेवलेली असते त्याला टाळी आणि शिवी दोन्ही एकाच जागी लागतात. व्यसनमुक्त झालेल्यांना वर्षाच्या आत स्टेजवर चढवण्याची जी पद्धत आहे तिच्याबद्दल मी म्हणूनच जरा कडू बोलतो. मीटिंगमध्ये सोबरायटीचा, म्हणजे दारू सोडल्याचा, वाढदिवस करतात ते वेगळं, तिथे समोर बसलेले सगळे त्याच वाटेचे असतात आणि कुणी सुपुत्र नसतं.

मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट ह्यांनी १९८० च्या दशकात स्लिपबद्दल, म्हणजे सोडलेली दारू परत घेण्याबद्दल, महत्त्वाची गोष्ट मांडली, पहिल्या घोटाने जेवढं बिघडतं त्यापेक्षा जास्त बिघडतं त्यानंतर माणूस स्वतःला काय सांगतो त्याने. 'मी असाच, आता काय उरलं' असं म्हटलं की बाटली चालूच राहते. फिटरचं पूर्वीचं गणित बघता आता गायब होणं, पांघरूण घेणं आणि मग महिनाभर पिणं हे ठरलेलंच होतं. तसं झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी हात थरथरत असताना त्याने वहिनींना फोन केला आणि म्हणाला, 'मी प्यायलोय, मला घ्यायला ये.' नंतर सुपरवायझरलाही फोन, ताप आला वगैरे काही नाही, सरळ सांगितलं आणि रजा मागितली. मागितली हा शब्द त्याच्या बाबतीत किती मोठा आहे ते ब्लँकेटवरून कळेल. फिट आल्याचा इतिहास होता म्हणून थोडे दिवस परत हॉस्पिटलात. ह्या वेळी डायसल्फिरामचं बोलणं उघड झालं, लिव्हरच्या टेस्ट, डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, त्याने सही केली. गोळी सकाळी वहिनी देतात, त्यांच्यासमोर तो घेतो, आणि त्याच वेळी एकत्र चहा होतो. जेवण एका ताटात अजून नाही.

अकरा हजारांचं काय झालं? मंडळाने थोरल्याकडून घेतले. फिटर मला म्हणाला, फेडतो एकदम, ओव्हरटाइम मारतो. त्याऐवजी त्याने थोरल्याला फोन करून सांगितलं की महिन्याला हजार देईन, आणि जाहीर करायला नको होतं, ती ऐपत माझी नव्हती. थोरला काय म्हणाला विचारलं तर, 'बरं म्हणाला. एवढंच. मला वाटलं काहीतरी बोलेल.'

त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेल्या चाचणीत गुण १६. कागदावर हे १९ पेक्षा खाली आहे, पण मला हा आकडा जास्त पटतो, कारण ह्या वेळी त्याने हुज्जत न घालता भरला, इतरांपेक्षा जास्तचा खानाही मागितला नाही, आणि बिनकामाचे वाटण्याच्या वाक्याला 'कधीकधी' अशी खूण केली. दारूच्या बैठका सुटल्यात, दोन मित्र उरलेत, त्यातला एक मीटिंगमधला आहे आणि तो स्वतःचं बिल स्वतः देतो. चुलतभावाने वीस हजारांतले पाच परत केले, मागितल्यावर. टूलरूममधल्या एका नव्या पोराला तो ब्लू बघून कानस कुठे मारायची ते शिकवतोय, पण पोराने विचारल्यावरच, आपणहून जाऊन त्याचं काम करून द्यायचं नाही हे त्याने स्वतःच ठरवलंय.

राहिलेलं बरंच आहे. मुलगा त्याच्याशी कामापुरतं बोलतो. संशय कमी झालाय पण वहिनींचा फोन वाजला की तो अजून मान वर करतो आणि वहिनींना ते दिसतं, कागदपत्रांची पिशवी त्यांनी अजून बहिणीकडेच ठेवलीय आणि मी त्यांना ती परत आणा असं सुचवलेलं नाही. विहिरीबद्दल थोरल्याशी शुद्धीत बोलायचं बाकी आहे. ते वाक्य आम्ही लिहून काढलंय, दोन ओळींचं, मागणी आहे, हिशेब नाही. वडील असताना बोलायचं की त्यांच्या मागे, ह्यावर त्याचं अजून ठरत नाही, दिवाळीला थोरला पुण्यात येणार आहे म्हणतो.